गाळावर मुरलेली वाइन

फ्रान्समधल्या कुठल्याही सुपरमार्केटात वाइनच्या फळ्यांपुढे उभं राहा, म्युस्कादे शोधायला बहुतेक वेळा खाली वाकावं लागतं. डोळ्यांच्या उंचीला सांसेर, शाब्ली वगैरे मानाची मंडळी आणि ही गुडघ्यापाशी. वाइनवर लिहिणारेही तिच्यासाठी 'हलकी', 'साधी', 'न्यूट्रल' असे शब्द काढतात. लग्नाच्या बोलणीत एखाद्या मुलीबद्दल 'स्वभावाने गरीब आहे हो' म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. दोष काढलेला नाही, पण सांगण्यासारखंही काही सापडलेलं नाही.

मी या वाइनची जुनी चाहती. मला वाटतं, लोक तिला भलत्या जागी बसवून तपासतात. पांढऱ्याशुभ्र टेबलावर ओळीने ग्लास मांडायचे, एकेक घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, वहीत गुण मांडायचे. या परीक्षेत म्युस्कादे नापास होणारच. तिच्यासमोर एखादी बशी ठेवा आणि मग बोला.

आधी ओळख करून देते. ल्वार ही फ्रान्सची सर्वांत लांब नदी. ती अटलांटिकला मिळते त्याच्या थोडं अलीकडे नांत शहर आहे आणि शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्या वाहतात. त्यांच्या आजूबाजूच्या बुटक्या टेकाडांवरून बहुतेक चांगली म्युस्कादे येते. बाटलीवर 'म्युस्कादे-सेव्र-ए-मेन' असं लांबलचक नाव असतं, त्याला कायद्याची मान्यता 1936 सालची. वाइन पूर्ण कोरडी, म्हणजे गोडवा नावालाही नाही. अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास. रंग इतका फिका की ग्लास खिडकीकडे धरला तरच पिवळी झाक दिसावी. वासाला लिंबाची साल, हिरवं सफरचंद, कधी ओल्या दगडासारखं काहीतरी. नावामुळे मस्कत द्राक्षं आठवतात, पण त्यांच्याशी हिचं काही नातं नाही.

नातं आहे ते भलत्याच घराण्याशी. ही वाइन ज्या द्राक्षापासून होते त्याचं नाव मलों द बूर्गोन्य. मूळचं बर्गंडीचं, फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाचं. 1999 साली अमेरिकन आणि फ्रेंच संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं, की पिनो आणि ग्वे ब्लां या दोन वाणांच्या संकरातून ईशान्य फ्रान्समधले तब्बल 16 वाण जन्मले आहेत. त्यात शार्दोने आहे, गामे आहे, आलिगोते आहे आणि आपलं मलोंही आहे. शाब्ली शार्दोनेचीच असते. म्हणजे फळीवरच्या या दोन बाटल्या निघाल्या सख्ख्या भावंडांच्या. गंमत अशी, की या आईबापांतलं पिनो खानदानी, तर ग्वे ब्लां हे शेतकऱ्यांचं, भरपूर पिकणारं आणि कुणी फारशी किंमत न दिलेलं द्राक्ष. मुलांनी कुणाचा गुण उचलला यावर पुढची सारी प्रतिष्ठा ठरली.

भावंडांपैकी गामेला बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने 1395 साली फर्मान काढून हद्दपार केलं होतं. मलोंवरही बर्गंडीची मेहेरनजर कधी नव्हती आणि आज तिथे ते जवळपास दिसतच नाही. पुढे कॅलिफोर्नियात तर याची ओळखच हरवली. तिथले मळेवाले कित्येक वर्षं ज्याला पिनो ब्लां समजून लावत होते, त्यातलं बरंचसं मलों आहे हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर गाले यांनी 1980 च्या सुमाराला तिथे जाऊन पानं बघून सांगितलं. नुसत्या पानाच्या कडा आणि शिरा बघून! मला या माणसाच्या डोळ्यांचा हेवा वाटतो.

मग हे बर्गंडीचं द्राक्ष समुद्राकाठी आलं कसं? या गोष्टीत डच व्यापारी आहेत आणि एक हिवाळा आहे.

सतराव्या शतकात डच जहाजं नांतच्या धक्क्याला लागत. त्यांना हवी होती स्वस्त, हलकी, आंबट पांढरी वाइन. प्यायला नव्हे, ऊर्ध्वपातन करून ब्रँडी काढायला. उत्तम वाइनची त्या कामाला गरजच नसते. आंबटपणा चांगला हवा आणि माल भरपूर हवा. नांतच्या शेतकऱ्यांनी लाल द्राक्षं उपटून पांढरी लावायला सुरुवात केली ती या गिऱ्हाइकासाठी. फोल ब्लांश हे त्यातलं मुख्य द्राक्ष. त्याची झोंबरी आंबट वाइन आजही 'ग्रो प्लां' नावाने तिथे मिळते.

मग 1709 चा जानेवारी उजाडला. युरोपच्या आठवणीतला तो सर्वांत भयंकर हिवाळा. एका रात्रीत पारा कोसळला, नद्या गोठल्या, व्हेनिसच्या खाडीवरून लोक चालत गेले, तळघरातल्या पिंपांत वाइनचा बर्फ झाला. चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये त्यानंतर दुष्काळ पडला, माणसं मेली. द्राक्षांच्या वेली तर लाकडापर्यंत चिरल्या. नांतच्या आसपास पुन्हा लावणी करायची वेळ आली तेव्हा लोकांनी थंडीला दाद न देणारा वाण शोधला आणि मलोंची वेळ आली. आधीही ते तिथे थोडंफार होतं, पण मळेच्या मळे त्याचे झाले ते या हिवाळ्यानंतर. एखाद्या वाइनचा जन्म चवीच्या शोधातून न होता निव्वळ तगून राहण्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट मला तिच्या चवीइतकीच आवडते.

पण तगून राहणारं द्राक्ष चवदार असतंच असं नाही. मलोंचा ताजा रस चाखून बघा: पाणचट, आंबट, कसलाच नखरा नाही. त्यातून पिण्यासारखी वाइन करायची तर दुसरीकडून काहीतरी मिळवावं लागतं. नांतच्या लोकांनी ते मिळवलं गाळातून.

द्राक्षाचा रस आंबतो तो यीस्टमुळे. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं, दाट, मळकट पिवळ्या रंगाचा गाळ होऊन. बहुतेक ठिकाणी वाइन लवकरच या गाळावरून काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. इथे काढत नाहीत. अख्खा हिवाळा ती गाळावर तशीच बसते आणि वसंतात थेट तिथूनच बाटलीत जाते. फ्रेंचमध्ये याला 'स्युर ली' म्हणतात, लेबलवर ते लिहिलेलं असतं आणि नियमही पक्के आहेत: बाटलीत भरायची ती पुढच्या वर्षाच्या 1 मार्च ते 30 नोव्हेंबरच्या दरम्यान आणि जिथे वाइन बनली त्याच जागी. ही रीत कशी सुरू झाली याची तिथे एक गोष्ट सांगतात. म्हणे प्रत्येक वाइनवाला एक चांगलं पिंप घरच्या लग्नकार्यासाठी बाजूला ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. कार्याच्या दिवशी ते उघडलं की त्यातली वाइन बाकीच्यांपेक्षा सरस निघायची. गोष्ट खरी असो नसो, तर्क बरोबर आहे. आळसाने किंवा मायेने ज्याला कुणी ढवळलं नाही, ते सुधारलं.

सेव्रकाठच्या एका लहानशा वाइनरीत हा गाळ मी जवळून पाहिला आहे. ओकची पिंपं मांडलेलं अंधारं तळघर डोळ्यांसमोर आणू नका. तिथे फरशी होती, गॅरेजमध्ये असावी तशी, आणि फरशीत गोल झाकणं. टाक्या जमिनीखाली. काँक्रीटच्या, आतून काचेच्या लाद्या लावलेल्या. या भागातली ही जुनी पद्धत. जमीन गारवा धरून ठेवते आणि लाकडाचा वास मध्ये येत नाही. मालकाने एक झाकण सरकवलं, लांब नळी खाली सोडली, वरच्या टोकाला अंगठा दाबला आणि ग्लासात सोडली ती वाइन ढगाळ होती. मग त्याने नळी अजून खाली, थेट तळाला टेकवली. या वेळी वर आलं ते ताकासारखं दाट. वास भिजवून ठेवलेल्या पिठाचा, जरा सालीसकट बदामाचा. चव म्हणाल तर वाइनची कमी आणि पावाच्या कच्च्या गोळ्याची जास्त. मालक माझ्या तोंडाकडे बघत होता. "हेच," म्हणाला, "बाकी सगळं पाणी."

बाकी सगळं पाणी नसतं, पण त्याचं म्हणणं कळलं. मेलेलं यीस्ट हळूहळू फुटतं, त्याच्या पेशींतली प्रथिनं आणि अमिनो आम्लं वाइनमध्ये उतरतात. त्यामुळे तिला अंग येतं, आंबटपणाच्या कडा बोथट होतात. गाळ प्राणवायूही शोषून घेतो, म्हणून वाइन ताजी राहते. शिवाय तिला हलवलेलं नसल्यामुळे आंबताना तयार झालेला थोडा वायू तिच्यातच अडकून राहतो. नवी बाटली उघडली की जिभेच्या शेंड्यावर बारीक टोचल्यासारखं होतं. काही जणांना ते खटकतं. मला त्याच्याशिवाय म्युस्कादे शिळी वाटते.

आता बशी. नांतमध्ये तालांसाक नावाची मंडई आहे, 1937 साली उघडलेली. सकाळी तिथे जा आणि कालवं विकणाऱ्याच्या गाळ्यासमोर उभे राहा. बोथट, आखूड सुरी, हातात जाड कापड. शिंपल्याच्या कडेला पातं रोवायचं, किंचित पिळायचं, खट्ट आवाज, मग वरच्या झाकणाला धरून ठेवणारा स्नायू कापायचा. आतलं समुद्राचं पाणी सांडू द्यायचं नाही. चांगला उघडणारा माणूस बोलता बोलता डझन उघडतो आणि एका शिंपल्याचाही कपचा आत पडू देत नाही. कालवाचं मांस राखाडी, कडेला काळी झालर. लिंबाचा थेंब पडला की झालर आखडते. म्हणजे जिवंत आहे.

तिथे कालवांबरोबर शॅलट, म्हणजे एक छोटा कांदा, घातलेलं व्हिनेगर ठेवायची पद्धत आहे. म्युस्कादे असेल तर मी त्याला हात लावत नाही. लिंबू, व्हिनेगर जे काम करतं तेच ही वाइन करते आणि जास्त नेमकेपणाने करते. आधी कालव तोंडात, दोनदा चावायचं, खारं पाणी पसरू द्यायचं आणि गिळल्यावर घोट. खारटपणा धुऊन जात नाही, उलट त्याला धार येते आणि मागून एक गोडसर, मांसल चव वर येते, जी नुसत्या कालवातही नव्हती आणि नुसत्या वाइनमध्ये तर नव्हतीच. सोबत राय या धान्याचा काळा पाव आणि गेरांदच्या मिठाचं लोणी. गेरांदची मिठागरं नांतहून फार लांब नाहीत.

ती मागाहून येणारी चव कुठून येते, याचं उत्तर मला पटेल असं मिळालं ते कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2020 मधल्या अभ्यासात. त्यांनी तपासली होती शॅम्पेन आणि कालवांची जोडी. शॅम्पेनही गाळावर मुरते, मेलेल्या यीस्टमधून तिच्यात ग्लुटामेट उतरतं. कालवात न्यूक्लिओटाइड असतात. हे दोन्ही जिभेवर एकत्र आले की उमामीची, म्हणजे ती मांसल, रुचकर चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्युस्कादेचा गाळावरचा काळ शॅम्पेनपेक्षा सहसा कमी असतो, पण तत्त्व तेच. नांतच्या कोळ्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती, हेही खरं.

माशाबरोबर लाल वाइन का नको, याचंही एक उत्तर आहे आणि ते शिष्टाचाराचं नाही. 2009 साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की शिंपल्याबरोबर वाइन प्यायल्यावर तोंडात जो घाणेरडा मासळट वास उरतो, त्याचं कारण वाइनमधलं लोह. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर गेलं की वास जोरात येतो. लाल वाइनमध्ये हे प्रमाण जास्त सापडतं, काही पांढऱ्यांतही असतं. तेव्हा लाल वाइनबरोबर कालवं खाऊन तोंड वाईट झालं असेल तर तुमची जीभ अडाणी नाही, ती बरोबर सांगत होती.

कालवं खात नसाल तर मसल्स घ्या. शॅलट, अजमोदा आणि पेलाभर म्युस्कादे घालून झाकण ठेवलं की चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. त्या पातेल्यातलं पाणी पावाने पुसून खाणं हे मसल्सपेक्षाही चांगलं. कोळंबी, खेकडा, तळलेले छोटे मासे, सगळं चालतं. चीजमध्ये तिथलंच क्युरे नांते, गाईच्या दुधाचं, नारिंगी सालीचं, वासाला जबरदस्त. एक प्रकार तर म्युस्कादेने पुसून पिकवतात. गोड सॉस, मध, भाजलेलं लाल मांस यांच्यापुढे मात्र ती टिकत नाही. तिचा नुसता आंबटपणा उरतो.

एका पदार्थासाठी मात्र थांबावं लागेल. बर ब्लां. नांतजवळच्या सें-ज्युलियें-द-कोंसेलमध्ये, ल्वारच्या काठी क्लेमांस लफव्र या बाईंची खाणावळ होती. सांगतात असं, की त्या बेआर्नेझ सॉस करायला निघाल्या आणि अंड्याचा बलक घालायचाच राहिला. जे झालं ते वाढलं आणि लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा येऊ लागले. स्वयंपाकघरातल्या विसरण्याच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. विसरून झालेला पदार्थ लोक एकदाच खातात, पुन्हा तोच हवा असेल तर करणारीला आपण काय केलं ते नीट माहीत असावं लागतं. सॉस तसा चार वस्तूंचा: बारीक चिरलेले शॅलट, वाइन, व्हिनेगर, लोणी. पहिल्या तीन गोष्टी मंद आचेवर आटवायच्या, तळाशी दोन चमचे रस राहिला की थंडगार लोण्याचे तुकडे एकेक टाकत फेटायचं. कसोटी आचेची. सॉस गरम हवा, पण उकळी जवळ आली की लोणी फुटतं, तेल वर तरंगतं आणि ते परत आणता येत नाही. जमला तर सायीसारखा दाट, आंबटसर. तो ल्वारमधल्या पाइक माशावर ओततात. मासा काट्यांनी भरलेला, मांस कोरडं. एवढं लोणी त्याला लागतंच. आणि एवढ्या लोण्याला म्युस्कादे लागते.

या सगळ्या कौतुकात मळ्यांची अवस्था विसरून चालणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युस्कादे फार खपली आणि खपली म्हणून वाटेल तशी पिकवली गेली. पातळ, कोरड्या आंबटपणाची वाइन बाजारात ओतली, भाव पडले, आणि गुडघ्याजवळची ती फळी तिला मिळाली ती या कर्तृत्वाने. त्यात कडाक्याचं दहिवर. 1991, 2008, 2017, 2021: एप्रिलमध्ये कोवळे कोंब जळून गेले. मलोंची वेल हिवाळ्यातली थंडी सोसते, पण तिला पालवी लवकर फुटते आणि आता हिवाळे उबदार झाल्यामुळे ती आणखी लवकर फुटू लागली आहे. ज्या द्राक्षाला थंडीने इथे आणलं त्याचा घात आता वसंतातली एखादी थंड रात्र करते. पहाटे तीन वाजता वेलींच्या ओळींमधून मेणाचे डबे पेटवत हिंडणारी माणसं तिथे दर काही वर्षांनी दिसतात. बऱ्याच जणांनी मळे सोडले.

जे राहिले त्यांनी दुसरी वाट काढली. 2011 साली क्लिसों, गोर्ज आणि ल पाले या तीन गावांच्या नावाने म्युस्कादे विकायला परवानगी मिळाली, मागाहून आणखी गावं आली. उत्पन्न कमी घ्यायचं आणि गाळावर ठेवायचं एका हिवाळ्याऐवजी दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. क्लिसोंला ग्रॅनाइट, गोर्जला गॅब्रो हा काळा जड दगड. ल पाले हे तत्त्ववेत्ता आबेलारचं जन्मगाव, तो इथे 1079 साली जन्मला. क्लिसों फ्रेंच क्रांतीच्या काळातल्या वांदेच्या युद्धात जळालं आणि मग इटलीच्या धर्तीवर पुन्हा बांधलं गेलं, म्हणून फ्रान्सच्या पश्चिमेला अचानक टस्कनी दिसते. त्याच गावाबाहेर दर जूनला हेवी मेटलचा हेलफेस्ट महोत्सव भरतो, काळ्या टी-शर्टांचा महापूर येतो आणि मैदानात म्युस्कादेचा वेगळा बार असतो. मला हे चित्र फार प्रिय आहे.

दगडाची चव वाइनमध्ये येते असं तिथे सगळेच सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, दगड विरघळून द्राक्षात शिरत नाही आणि शिरला तरी त्याला चव नाही. मी भूगर्भशास्त्रज्ञांच्या बाजूने आहे. पण दगड पाणी किती धरतो, जमीन किती तापते, द्राक्ष कधी पिकतं, यात फरक पडतो, आणि क्लिसों व गोर्जच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर फरक कळतो: क्लिसों रुंद, पिकल्या फळाची, गोर्ज ताठ, बरीच वर्षं अबोल.

या गावांच्या वाइन्स चांगल्या आहेत, काही तर फार चांगल्या. तरी मला थोडी धास्ती वाटते. मोठी म्हणवून घ्यायच्या नादात जड बाटल्या, उंच भाव आणि ओकची पिंपं येतात, आणि मग ती इतर महागड्या पांढऱ्या वाइन्ससारखीच लागू लागते. ओकमध्ये ठेवलेल्या म्युस्कादे मी चाखल्या आहेत. व्हॅनिलाचा वास असलेल्या वाइनबरोबर कालवं खायची शिक्षा कुणाला होऊ नये. उलट वीस रुपयांची वस्तू शंभराला विकू नये हा हिशेबही मला मान्य नाही. ज्या माणसाने दहिवरात रात्री काढल्या त्याला बाटलीमागे दोन युरो जास्त मिळाले तर मिळू देत.

तेव्हा व्यवहाराचं सांगायचं तर असं. कालवांबरोबर साधी, अलीकडची स्युर ली म्युस्कादे घ्या, आठ-दहा अंशांवर थंड केलेली, त्याहून गार नको. सात-आठ वर्षं ठेवलेली क्लिसों हाती लागली तर कालवं मागवूच नका. ती पाइक आणि बर ब्लांबरोबर प्या, नाहीतर मलईत शिजवलेल्या कोंबडीबरोबर. बाटली तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा. आणि टोचत नाही म्हणून परत करू नका, इतक्या वर्षांत तो वायू निघून गेलेला असतो.